दोनदा विसळलं की तीनदा

हेलियमच्या सिलिंडरचा काटा दहाच्या खाली घसरला तेव्हा सकाळचे पावणेदहा झाले होते. हा मेला उद्या संपला असता तर काय बिघडलं असतं, असं जलीलाला वाटून गेलं. डिसेंबरचा दुसरा आठवडा, तेलाचा हंगाम ऐन भरात. अख्ख्या स्फाक्स शहराच्या हवेत ऑलिव्हच्या चोथ्याचा कडवट वास. प्रयोगशाळेच्या टेबलावर हिरव्या-पिवळ्या बाटल्यांची रांग दरवाज्यापर्यंत गेलेली. त्या रांगेत सर्वात पुढे उभी होती सहकारी गिरणीची बाटली. तिचा दाखला एक वाजेपर्यंत बंदरावर पोचला नाही, तर टँकरभर तेल जहाजाविना धक्क्यावर बसून राहणार होतं.

खरं म्हणजे काटा तिसावर होता तेव्हाच सिलिंडर बदलायचा. पण प्रयोगशाळेचे प्रमुख सी मुन्जी, म्हणजे मुन्जीसाहेब, पडले पक्के स्फाक्सी, पैशाला जपणारे. "अजून तीस आहे की," ते बुधवारी म्हणाले होते. शुक्रवारी म्हणाले, "वीस म्हणजे काही कमी नाही." आज सोमवार.

"अनीस, मी ओव्हन थंड करायला घेते," जलीला म्हणाली.

"घे. मी कॉफी करतो," अनीस म्हणाला. "तुला आठवतंय ना सगळं? की मी येऊ?"

असं तो गेले तीन आठवडे विचारत होता. वाईट हेतूने नव्हे, पण विचारत होता. जलीला बाळंतपणाच्या रजेवर गेली तेव्हा तेल तपासायचं मशीन अनीसच्या हातात गेलं. ती परत आल्यावर सी मुन्जींनी ते तिला दिलं खरं, पण कसं? तर, "बघू या महिनाभर. नाहीतर आम्लता मोजायच्या टेबलावरही माणूस हवंच आहे." त्या टेबलावर दिवसभर बाटलीतून थेंब पाडायचे आणि रंग बदलायची वाट बघायची. शाळेतून परस्पर आलेल्या पोरालाही ते काम जमावं. जलीला सहा वर्षं मशीनवर होती. त्याची कुरकुर तिला शेजारच्या खोलीतून ओळखू यायची. महिन्यातला एकच आठवडा उरला होता.

"मला येतं," ती म्हणाली.

येत होतंच. हे काम तिला म्हाताऱ्या सी शाडलींनी शिकवलं होतं, आणि ते ज्याला शिकवायचे त्याच्या हाडात बसवायचे. मशीनच्या आत एक नळी असते. साठ मीटर लांब, केसाहून थोडी जाड, वेटोळी घालून ठेवलेली. तिच्यातून हेलियम तेलाची वाफ ढकलत नेतो. आतून तिला एक नाजूक लेप असतो, आणि नळी तापलेली असताना त्या लेपाला हवा लागली की लेप जळतो. मग नळी फेकायची. दुसरी नळी फ्रान्सहून निघून सात आठवडे कस्टममध्ये अडकलेली. हवा अडवणारं डबीएवढं नळकांडं लाइनवर होतं, पण त्यातले हिरवे दाणे उन्हाळ्यातच राखाडी पडून निकामी झाले होते. त्याचं नवं भावंडही कस्टममध्येच.

"थंड नळीत हवा शिरली तर ती पाहुणी," सी शाडली म्हणायचे. "चहा पिते, निघून जाते. नळी तापली की तीच हवा घराची मालकीण होते. मग हलवून दाखव तिला."

म्हणून आधी नळीचा ओव्हन थंड करायचा. मग मशीनकडे जाणाऱ्या लाइनचा नळ बंद करायचा. मग जुना सिलिंडर सोडायचा, नव्याचा व्हॉल्व्ह क्षणभर उघडून तोंडातली धूळ उडवायची, आणि रेग्युलेटर जोडून पान्याने आवळायचा. पण आता रेग्युलेटरच्या पोटात खोलीतली हवा शिरलेली असते. ती काढायला विसळायचं. व्हॉल्व्ह उघडून पोट भरायचं, व्हॉल्व्ह बंद करायचा, आत हेलियम आणि हवा एकमेकांत मिसळू द्यायचं, आणि मग बाजूच्या छोट्या नळाने सोडून द्यायचं. काटा शून्यावर टेकू द्यायचा नाही, नाहीतर बाहेरची हवा पुन्हा आत डोकावते. असं तीनदा.

मिसळायला किती वेळ द्यायचा? सी शाडली घड्याळ वापरत नसत. व्हॉल्व्ह बंद केला की हात रेग्युलेटरवर ठेवून ते कुराणातली चार ओळींची छोटी सूरा एकदा म्हणायचे, संथपणे. ती संपली की सोडायचं. तीन सूरा, तीन विसळण्या. "घड्याळ खोटं बोलत नाही, पण घड्याळ बघणारा घाई करतो," म्हणायचे. त्यांच्या हाताखाली शिकलेले सगळे असंच करत. अनीस शुक्रवारच्या नमाजालाही धड जात नव्हता, पण विसळताना सूराच म्हणायचा.

जलीला सिलिंडरच्या बोळात गेली. नवा सिलिंडर साखळीने भिंतीला बांधला. फुस्स करून धूळ उडवली. रेग्युलेटर जोडला, आवळला, साबणाचं पाणी लावून बुडबुडे पाहिले. पहिल्यांदा भरलं. हात ठेवला, सूरा म्हणाली, सोडलं. दुसऱ्यांदा भरलं. सूरा म्हणाली, सोडलं.

आणि मागून रडणं ऐकू आलं.

ते रडणं बोळातून येणं शक्य नव्हतं. ते घरी असायचं, आणि साडेअकराला, दूध पाजायच्या अर्ध्या तासाच्या सुट्टीत, फाटकापाशी रखवालदाराच्या खोलीत असायचं. आत्ता कुठे सव्वादहा वाजत होते. पण जलीलाच्या छातीत दूध उतरलं होतं. ते काही घड्याळ विचारून उतरत नाही.

तिची सासू, लल्ला महबूबा, इयादला कडेवर घेऊन सिलिंडरच्या बोळाच्या तोंडाशी उभी होती. इयाद सात महिन्यांचा. डोळे गच्च मिटून, तोंड उघडं टाकून रडत होता.

"लल्ला, इथे कशा आलात? इथे कोणाला येऊ देत नाहीत."

"मला कोण अडवणार? त्या रखवालदाराच्या आईला मीच बाळंत केलंय," लल्ला महबूबा म्हणाल्या. "पहाटेपासून थांबत नाहीये गं हा. दात असतील म्हणून ऑलिव्हचं तेल चोळलं. बसीसाचं पीठ चाटवलं तर थुंकला. काल ती पलीकडची आली होती ना, किती गोरा किती गोरा करत. माशाल्ला म्हणाली का ती? नाही म्हणाली. तू आई आहेस, तू जरा कुराणातलं वाच त्याच्यावर, दृष्ट उतरेल."

"साडेअकराला येते ना मी."

"साडेअकरापर्यंत तो राहील, मी नाही राहणार."

जलीलाने त्याला घेतलं. कोटाला तेल लागू नये, बाळाला कोट लागू नये, लल्लाचा आवाज आत सी मुन्जींच्या खोलीपर्यंत जाऊ नये, असं सगळं एकाच वेळी सांभाळत तिने त्याला खांद्याशी धरलं. तो हुंदके देत देत शांत झाला. कान तिच्या गळ्याशी दाबून धरला, जसा तो झोपताना धरतो. लल्ला बोलतच होत्या. जलीलाच्या ओठांवर सूरेची शेवटची ओळ आली आणि संपली. तिने त्याला परत लल्लांच्या हातात दिलं. "साडेअकराला, खोलीत," ती म्हणाली, आणि त्या गेल्या.

मग ती सिलिंडरकडे वळली. तीन झाले होते. तिने व्हॉल्व्ह पूर्ण उघडला, दाब बसवला, मशीनकडच्या लाइनचा नळ उघडला, आणि आत येऊन वहीत सिलिंडर बदलल्याच्या रकान्यात तीन खुणा केल्या. एक, दोन, तीन. एकाच पेनाने, एकाच हाताने.

आता ओव्हन तापवायचा. तिने बटणावर बोट ठेवलं आणि बोट तिथेच राहिलं.

तीन झाले होते ना?

सूरा तिनेच तीनदा म्हटली होती. जिभेला पक्कं आठवत होतं: पहिली, दुसरी, तिसरी, आणि मग ती मन शांत करणारी पूर्णता. पण तिसऱ्यांदा सोडल्याचा फुस्स आवाज काही केल्या आठवेना. पहिला आठवत होता. दुसऱ्यानंतर रडणं. रडण्यानंतर लल्ला, ती पलीकडची, माशाल्ला. त्यानंतर फुस्स होता की नव्हता? की तो रडण्यात बुडून गेला? तिने बोट उचललं.

"अनीस, तू इथेच होतास ना? किती वेळा सोडलेलं ऐकलंस?"

अनीसने कॉफीचा कप खाली ठेवला. "तीन. फुस्स, फुस्स, फुस्स."

तिला हायसं वाटलं. मग एकदम नाही वाटलं. "धूळ उडवली ती धरून की सोडून?"

"म्हणजे?"

"आधी धूळ उडवली, तिचाही एक फुस्स. ती धरून तीन असतील तर विसळणं दोनदाच झालं."

अनीस विचारात पडला. "मी कॉफी घेऊन आलो तेव्हा धूळ उडवून झाली होती, की व्हायची होती..." तो छताकडे बघू लागला. "आता तू विचारल्यावर मला चार वाटायला लागलेत."

"चार?"

"किंवा तीन. वहीत बघ ना."

"वहीत मी नंतर लिहिलं."

"नंतर तर सगळेच लिहितात," अनीस म्हणाला, आणि मग त्यालाच ते फारसं बरं वाटलं नाही.

दार उघडून सी मुन्जी आत आले. "मादाम जलीला, तापायला लावलं का? गिरणीचा तिसरा फोन आला. मी साडेबाराचं सांगितलंय."

"पाच मिनिटं, सी मुन्जी."

"पाच कशाला? सिलिंडर बदलून झाला ना?"

"झाला."

"मग?"

'मला आठवत नाही' हे उत्तर होतं, पण ते दिलं की आम्लतेचं टेबल. आणि कदाचित तीन झालेही असतील. नसलेल्या चुकीची कबुली द्यायची, आणि मशीन हातचं घालवायचं, हा कुठला शहाणपणा? "दाब स्थिर होऊ द्या," ती म्हणाली. ते अगदीच खोटंही नव्हतं. सी मुन्जी घड्याळ बघत निघून गेले.

ती बोळात गेली आणि तिने सी शाडलींना फोन लावला. बराच वेळ वाजला.

"झाडावर आहे. बोल, बिन्ती, बोल पोरी," सी शाडली म्हणाले. मागे बायकांचा गलका आणि ताडपत्रीवर ऑलिव्ह पडल्याचा टपटप आवाज. निवृत्त झाल्यापासून हंगामात ते गावाकडेच असत.

तिने सांगितलं. दोन की तीन, आठवत नाही.

"नमाजात कितवी रकात चाललीय ते मोजायला विसरलीस तर काय करतेस?"

"कमी धरते आणि पुढची पुरी करते."

"मग झालं तर. फोन कशाला?"

"पण लाइन उघडलीये. आता कमी धरायचं तर सगळं बंद करून पुन्हा सुरू करावं लागेल. तासभर मशीन थंडच धुवत ठेवावं लागेल. गिरणीचं जहाज जाईल."

"हं," सी शाडली म्हणाले. फांदी कडकड वाजली. "अशी शंका तुला रोज येते?"

जलीला भिंतीला टेकली. "इयाद झाल्यापासून रोज. दाराला कुलूप लावलं का म्हणून जिन्यावरून परत जाते. चहात दोनदा साखर घालते. परवा त्याला आंघोळ घातली की नाही तेच आठवेना. त्याच्या डोक्याचा वास घेऊन ठरवलं."

"मग ती शंका धरायची नाही. ज्याला रोज शंका येते त्याला माफी आहे. त्याने पुढे जायचं, मागे बघायचं नाही. नाहीतर त्याची एक नमाज दिवसभर चालेल."

"म्हणजे तापवू?"

"मी कुठे म्हटलं तापव?"

"आत्ताच म्हणालात, शंका धरायची नाही."

"रोजची शंका धरायची नाही. ही रोजची आहे का?"

"मला काय माहीत," जलीला म्हणाली. तिला रडू येईल असं वाटलं, आणि हसूही. "त्यासाठीच तर फोन केला."

खालून कोणीतरी ओरडलं, "बाबा, फोन ठेवा नाहीतर पडाल." सी शाडली त्याला म्हणाले, "तू तुझं झाड बघ." मग हलक्या आवाजात, "जिभेला विचारू नकोस. तिला पाठ असतं, ती काहीही म्हणेल. हाताला विचार. पहिल्या सूरेला हात कशावर होता?"

"रेग्युलेटरवर."

"दुसऱ्या?"

"रेग्युलेटरवर. काट्याची काच घासली होती जरा, ती बोटाखाली आली."

"तिसऱ्या?"

जलीलाने डोळे मिटले. बोटाखाली काच आली नाही. बोटाखाली ओलसर, गरम काहीतरी आलं, आणि त्याच्यावर भुरभुरीत केस, घामाने चिकटलेले, त्यांना संत्र्याच्या फुलांच्या अर्काचा वास, जो लल्ला रोज आंघोळीनंतर त्याला चोपडत. आणि हाताखालचं ते डोकं हळूहळू शांत होत चाललं होतं. 'तू आई आहेस, तू जरा कुराणातलं वाच त्याच्यावर.' तिने वाचलं होतं. बाळावर म्हणायची तर तीनदा म्हणतात. ती एकदाच म्हणाली आणि थांबली, कारण दोन आधीच झाल्या होत्या.

"सी शाडली," ती म्हणाली, "तिसरी मी पोराला दिली."

पलीकडे म्हातारा हसला, खोकत खोकत. "लागली का त्याला?"

"गप्प झाला."

"मग वाया नाही गेली. पण सिलिंडरची राहिली. जा आता, मला उतरायचंय."

ती आत आली. ओव्हन थंड होता. तिने लाइनचा नळ बंद केला आणि सी मुन्जींच्या दारावर टकटक केलं.

"सी मुन्जी, तापवता येणार नाही. दोनदाच विसळलंय."

सी मुन्जींनी चष्मा काढला. "वहीत तीन खुणा आहेत. मी आत्ताच बघून आलो."

"त्या चुकीच्या आहेत."

"तुम्हाला कसं कळलं?"

हे कसं सांगायचं? "मला आठवलं," ती म्हणाली.

"अर्ध्या तासाने?"

"हो."

"दोनदा विसळल्यावर किती हवा उरते?"

"शंभरात एक भाग. तीनदा केलं की हजारात एक."

"शंभरात एक म्हणजे काही नाहीच."

"आपल्याला नाही, नळीला आहे. नळी एकच आहे, सी मुन्जी. दुसरी कस्टममध्ये."

त्यांनी टेबलावर बोटं वाजवली. "आणि तिसऱ्यांदा का नाही केलं?"

दारात अनीस येऊन उभा होता, हातात त्याच थंड झालेल्या कॉफीचा कप.

"मी रडणं ऐकलं होतं," सी मुन्जी म्हणाले. "मला वाटलं रस्त्यावर असेल. प्रयोगशाळेत बाळ येतं कसं?"

"आजीबरोबर," अनीस म्हणाला.

"तुला विचारलं नाही."

"नाही, म्हणजे रखवालदाराचा दोष नाही, एवढंच. लल्ला महबूबांना अडवेल असा रखवालदार अजून जन्मायचाय."

सी मुन्जींनी एकदा अनीसकडे आणि एकदा तिच्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरून काही समजत नव्हतं. ते चिडले आहेत, की घाबरले आहेत, की नुसते हिशेब मांडतायत की गिरणीला काय सांगायचं. फोन उचलून ते म्हणाले, "आज होणार नाही. गुरुवारचं जहाज बघा." पलीकडून जे काही बोललं गेलं ते त्यांनी फोन कानापासून लांब धरून ऐकलं. मग उठले. "चला. मी स्वतः उभा राहतो. मी मोजतो."

तिघे बोळात गेले. जलीलाने मशीनकडचा नळ पुन्हा तपासला, सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद केला, रेग्युलेटर रिकामा केला, काटा शून्याच्या थोडा वर ठेवून. मग भरलं. हात ठेवला, मनात सूरा म्हटली, सोडलं.

"एक," सी मुन्जी बोट वर करून म्हणाले.

भरलं, थांबली, सोडलं.

"दो..." आणि खिशातला फोन वाजला. गिरणीवालेच. सी मुन्जी भिंतीकडे तोंड करून बोलू लागले. गुरुवार म्हणजे गुरुवार. हो, मीच सांगतोय. नाही, मशीन बिघडलेलं नाही. जलीला भरून, हात ठेवून उभी राहिली, सूरा म्हणाली, सोडलं. ते वळले तेव्हा त्यांची दोन बोटं वर होती, आणि ती त्यांनी जरा वेळ तशीच धरून ठेवली.

"हा कितवा होता?"

अनीस छताकडे बघत होता. छतावर काही नव्हतं.

"तिसरा," जलीला म्हणाली. "माझ्या हाताला तिसरा आहे. पण तुम्ही पाहिला नाही. तुम्हाला दोनच धरायचे असतील तर दोन धरा, मी आणखी एक करते."

सी मुन्जींनी बोटांकडे पाहिलं, सिलिंडरकडे पाहिलं. "करा आणखी एक," ते शेवटी म्हणाले, आणि या वेळी फोन बंद करून, अगदी काट्याला नाक लावून उभे राहिले.

मग लाइन उघडली, मशीनला थंडच ठेवलं, आणि हेलियमला नळीतून वाहू दिलं. तासभर करण्यासारखं काही नव्हतं. बारा वाजायला आले होते. ती फाटकाकडे धावली.

रखवालदाराच्या खोलीत इयाद भुकेने लालबुंद झाला होता. तिने त्याला छातीशी लावलं. त्याने आधी रागाने मान फिरवली, मग लागला. गटगट आवाज येऊ लागला.

"उशीर केलास," लल्ला म्हणाल्या.

"हो."

"रडलीस का?"

"नाही."

"मग डोळे असे का?"

"लल्ला, माझ्या कामाच्या जागी आत येऊ नका हो. उद्यापासून नको. इथे थांबा, मला बोलवा, मी येईन. पण आत नको."

"मी काय वाईट केलं?" त्या म्हणाल्या, पण मनाला लावून नाही, खरंच विचारल्यासारखं. त्यांनी वाईट काही केलंच नव्हतं. पोर रडत होतं, ते त्याच्या आईकडे आणलं. आई वाचते, तिने वाचलं. कोणाचंच काही चुकलं नव्हतं आणि टँकरभर तेल मात्र धक्क्यावर बसलं होतं. इयादचा हात तिच्या कोटाच्या गुंडीशी चाळा करत होता. ती त्याच्या बोटांकडे बघत बसली. एकेक नख तांदळाच्या कणीएवढं.

एक वाजता तिने ओव्हन तापायला लावला. पडद्यावरची रेघ आधी वर चढली, थरथरली, आणि मग हळूहळू खाली आली. सकाळच्या पातळीवर आली का? जवळजवळ. अनीस म्हणाला, आली. जलीला म्हणाली, केसभर वर आहे. दोघांनी पट्टी लावून पाहिलं आणि दोघांची मापं वेगळी आली. मग तिने तपासणीचं नेहमीचं तेल टाकलं. साडेतीनला त्याचे सगळे सुळके एकामागून एक उठले, आपापल्या जागी, टोकं धारदार. नळी शाबूत होती.

सी मुन्जी त्या सुळक्यांचा छापील कागद घेऊन खिडकीपाशी उभे राहिले. पुन्हा पुन्हा बघितलं, जणू त्यात आणखी काही लिहिलं असेल.

"तिसरं विसळणं सकाळीच झालं असतं तर गिरणीचं काम साडेबाराला झालं असतं," ते म्हणाले.

"हो," जलीला म्हणाली.

"आणि तापवलं असतं तर कदाचित काही झालंही नसतं."

"कदाचित."

"कदाचित नळी गेली असती."

"तेही कदाचितच."

त्यांनी कागदाची घडी केली. "उद्या नायट्रोजनचा सिलिंडर संपतोय. कोण बदलणार?"

अनीसने एक क्षण तिच्याकडे पाहिलं, मग बाटल्यांवरची लेबलं नीट करू लागला. लेबलं नीटच होती.

"मी," जलीला म्हणाली. "आठ वाजता, दुसरं काही सुरू व्हायच्या आधी. आणि खुणा एकेक करून करीन, सगळ्या शेवटी नाही."

सी मुन्जींनी तो कागद खिशात घातला, चष्मा चढवला, दरवाज्यापर्यंत गेले, थांबले. ही माफी होती, की महिना संपायची वाट बघणं होतं, की उद्याही ते काट्याला नाक लावून उभे राहणार होते, तिला काही कळेना. ते न वळता म्हणाले, "आठ म्हणजे आठ, मादाम. गिरणीची बाटली त्यानंतर लगेच मशीनवर लावा."

मशीनवर लावा, असं ते तिला म्हणाले होते, अनीसला नाही. जलीलाने ती बाटली रांगेतून उचलली आणि मशीनच्या शेजारी, आपल्या बाजूला ठेवली.